पहिलं चित्रपुस्तक स्टोरीवीव्हरवर: काय मिळतं आणि काय सोडावं लागतं

मुलांसाठीची गोष्ट लिहून झाली आहे, किंवा वहीभर चित्रं तयार आहेत, पण ओळखीचा प्रकाशक नाही. अशा माणसाला हल्ली कुणी ना कुणी सांगतंच, 'स्टोरीवीव्हरवर टाक.' सल्ला चांगला आहे, पण अर्धाच आहे. चित्रपुस्तक कसं बांधतात हे हाताने करून शिकायला मराठी लेखकासाठी याच्याइतकी सोयीची फुकट जागा माझ्या माहितीत नाही. मात्र परवाना न वाचता शेवटचं बटण दाबलं, तर आपल्या सर्वांत लाडक्या गोष्टीवरचा एकट्याचा हक्क कायमचा सुटतो. दोन्ही गोष्टी नीट समजून मगच आत शिरावं.

बेंगळुरूच्या 'प्रथम बुक्स' या ना-नफा प्रकाशन संस्थेचं हे मुलांच्या गोष्टींचं ऑनलाइन व्यासपीठ. संस्था 2004 ची, स्टोरीवीव्हर 8 सप्टेंबर 2015 चं, म्हणजे जागतिक साक्षरता दिनी सुरू झालेलं. गोष्टी वाचायला पैसे नाहीत. स्वतःची गोष्ट रचायला नाव नोंदवावं लागतं, त्यालाही पैसे नाहीत. मराठीतली पुस्तकं भरपूर आहेत, मेळघाटातल्या कोरकू भाषेतलीही आहेत. इथे दोन प्रकारची पुस्तकं शेजारी शेजारी दिसतात हे नवख्याच्या लक्षात येत नाही. काही प्रथम बुक्सनं आणि इतर संस्थांनी संपादक, चित्रकार, मुद्रितशोधक बसवून केलेली. बाकीची तुमच्या-माझ्यासारख्यांनी स्वतः रचून टाकलेली. आपण जे टाकणार ते दुसऱ्या प्रकारात जातं. 'प्रथम बुक्सनं माझं पुस्तक काढलं' असं त्याबद्दल म्हणता येत नाही, आणि परिचयपत्रात तसं लिहूही नये.

रचना सुरू करताना भाषा, शीर्षक आणि वाचनपातळी विचारली जाते. बहुतेक जण पातळी अंदाजे निवडून पुढे जातात आणि गोष्ट तिथेच बिघडते. पातळ्या चार आहेत. पहिली नुकतीच वाचनाकडे वळणाऱ्यांसाठी, दुसरी ओळखीचे शब्द वाचता येणाऱ्या आणि नवे शब्द मदतीनं वाचणाऱ्यांसाठी, तिसरी स्वतंत्रपणे वाचू लागलेल्यांसाठी, चौथी सफाईनं वाचणाऱ्यांसाठी. मराठीत पहिल्या पातळीची खरी कसोटी शब्दसंख्येपेक्षा जोडाक्षरांची असते. 'प्रत्येक', 'स्वयंपाकघर', 'आश्चर्य' हे शब्द मोठ्यांना साधे वाटतात. पहिलीतलं मूल तिथे अडखळतं आणि गोष्टीचा धागा सोडतं. पहिल्या पातळीसाठी पानावर एक, फार तर दोन छोटी वाक्यं ठेवा, तेच शब्द पुन्हा पुन्हा येऊ द्या, आणि जोडाक्षर टाळता येत नसेल तर ते चित्रावरून ओळखता येईल असं असू द्या. 'चंपी झाडावर चढली' ठीक. 'चंपीनं क्षणार्धात झाडाची उंची गाठली' हे तिसऱ्या पातळीचं वाक्य आहे.

लिहून झाल्यावर संहिता थेट संगणकावर चढवू नका. चार ए-फोर कागद मधोमध दुमडून पिन मारली की सोळा पानी डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना, तयार होते. सहा कागदांची चोवीस पानी. सोळा पानांत पहिलं पान शीर्षकाचं, दोन ते पंधरा ही सात जोडपानं (समोरासमोर उघडणारी दोन-दोन पानं), आणि सोळावं एकटं पान शेवटाला. श्रेयनामावली मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला गेली नाही तर दुसरं पान जातं आणि गोष्ट तिसऱ्या एकट्या पानापासून सुरू करावी लागते. ही डमी हातात घेऊन मोठ्यानं वाचा. पान उलटताना वाचणाऱ्याचा आवाज कुठे थांबतो, कोणत्या पानावर चित्राला काही कामच उरत नाही, हे तिथेच कळतं. स्टोरीवीव्हरवर एका वेळी एकच पान दिसतं. त्यामुळे दोन पानांवर पसरलेल्या चित्राचा परिणाम तिथे मिळत नाही. पडद्यासाठी आणि छापील पुस्तकासाठी पानांची मांडणी वेगवेगळी करावी लागते, हे आधीच गृहीत धरा.

फक्त लिहिणाऱ्यांसाठी इथली सर्वांत मोलाची सोय म्हणजे चित्रसंग्रह. मोठमोठ्या चित्रकारांची चित्रं शोधून आपल्या गोष्टीत वापरता येतात, आणि चित्रकाराचं नाव पुस्तकाच्या शेवटच्या पानांत आपोआप येतं. पण इथेच नव्या गोष्टी सर्वांत जास्त फसतात. लेखक आठ वेगवेगळ्या चित्रकारांची आठ चित्रं उचलतो. पहिल्या पानावरची मुलगी जलरंगातली, दोन वेण्यांची; तिसऱ्या पानावरची डिजिटल, कापलेल्या केसांची. वाचणाऱ्या मुलाला ती एकच मुलगी वाटत नाही. उपाय असा की आधी एकाच पुस्तकातली, एकाच चित्रकाराची चित्रं शोधा आणि त्या चित्रांभोवती नवी गोष्ट रचा. उलट दिशेनं काम करायचं असल्यानं ते कठीण वाटतं, पण चित्र काय सांगतंय आणि शब्दांनी काय सांगायचं उरलंय, हे यातून जितकं पक्कं शिकता येतं तितकं दुसऱ्या कशातून नाही. चित्रात पाऊस दिसतोय तर 'पाऊस पडत होता' लिहायची गरज नाही. पावसाचा वास, आईची हाक, आत राहिलेली चप्पल हे लिहा. आणि चित्रातला फ्रॉक पिवळा असेल तर मजकुरात तो लाल ठेवू नका. मुलं हे सर्वांत आधी पकडतात.

चित्रकारानं स्वतःची चित्रं चढवताना एक पथ्य काटेकोर पाळावं: चित्रात अक्षरं काढू नयेत. इथे कुणीही तुमची गोष्ट दुसऱ्या भाषेत नेऊ शकतं. चित्रातच रंगवलेलं 'धडाम', दुकानाची पाटी, पत्रातला मजकूर हे सगळं कन्नड किंवा संथाली आवृत्तीतही मराठीतच राहतं. मजकुरासाठी जागा मोकळी सोडताना आकाशाचा सपाट भाग निवडा. झाडाच्या पानांच्या जाळीवर काळी अक्षरं वाचता येत नाहीत. मूळ फाइल मात्र छपाईच्या हिशेबानंच करून ठेवा. प्रत्यक्ष छापायच्या आकाराला 300 डीपीआय (इंचामागे 300 ठिपके), चारही बाजूंना 3 मिलिमीटर ब्लीड (छाटणीसाठी कडेबाहेर वाढवलेलं चित्र), आणि जोडपानाच्या मधल्या घडीत चेहरा किंवा डोळा येणार नाही अशी मांडणी. पडद्यावर झगमगणारा पोपटी आणि गडद निळा हे रंग चार रंगांच्या छपाईत मलूल होतात. ज्यांना पुढे प्रकाशकाकडे जायचं आहे त्यांनी चित्रं छपाईच्या चार रंगांत बदलून आधीच पाहावीत.

मराठी मजकुराचं स्वतःचं एक दुखणं आहे. पुष्कळांची हस्तलिखितं अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये असतात. ती तशीच चिकटवली की पानावर इंग्रजी अक्षरांचा गाळ दिसतो. ती आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे वाचता येणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतात, रूपांतरित करावी लागतात, आणि रूपांतरात रफार, 'ऱ्या', 'ॲ' या तीन जागा हमखास मोडतात. 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' झालं तर मोठ्यांच्या नजरेतून ते सुटतं, मुलाच्या वाचनात मात्र ठेच लागते. 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे दिसतात की हिंदी, तेही पाहा. राज्य शासनानं मराठीसाठी ही वळणं ठरवून दिली आहेत आणि शाळेत मूल तीच गिरवतं. एकदा फोनवर, एकदा संगणकावर आणि एकदा पीडीएफ उतरवून, अशी तीनदा तपासणी करा. तिन्हीकडे अक्षरं सारखी दिसतीलच असं नाही.

आता परवाना. इथल्या गोष्टी आणि चित्रं क्रिएटिव्ह कॉमन्सच्या 'सीसी बाय 4.0' परवान्याखाली जातात. याचा साधा अर्थ असा: लेखकाचं नाव, परवान्याचा उल्लेख आणि केलेले बदल नमूद केले, की कुणीही तुमची गोष्ट छापू शकतं, भाषांतरित करू शकतं, तिचं नाटक किंवा ध्वनिपुस्तक करू शकतं आणि विकूही शकतं. तुमची वेगळी परवानगी लागत नाही, तुम्हाला मानधन द्यावं लागत नाही. कॉपीराइट तुमच्याच नावावर राहतो, पण एकदा दिलेला हा परवाना परत घेता येत नाही. उद्या तुम्ही गोष्ट काढून टाकली तरी ज्यांच्याकडे ती पोचली आहे त्यांचा हक्क अबाधित असतो. चित्रकाराला हे जास्त लागू होतं. सार्वजनिक संग्रहात गेलेलं तुमचं चित्र तुम्हाला न पटणाऱ्या गोष्टीतही दिसू शकतं.

हे वाईट आहे का? माझ्या मते मुळीच नाही. दुर्गम शाळेतल्या शिक्षकाला ती गोष्ट उतरवून, आपल्या मुलांच्या बोलीत बदलून, दुसऱ्या दिवशी वर्गात वाचता येते ती या परवान्यामुळेच. गोष्टींची टंचाई असलेल्या भाषांना याचा मोठा आधार आहे. फक्त हा दानाचा निर्णय आहे आणि तो जाणूनबुजून घ्यायला हवा.

म्हणून कोणती गोष्ट इथे द्यायची ते ठरवा. चित्रसंग्रहावर बेतलेल्या गोष्टी, सरावाच्या गोष्टी, शाळेसाठी किंवा बोलीसाठी लिहिलेल्या गोष्टी निःशंक द्या. ज्या संहितेवर वर्षभर काम केलं आहे आणि जी प्रकाशकाकडे पाठवायची आहे, ती देऊ नका. प्रकाशकाला सहसा एकट्याचे हक्क हवे असतात आणि ते देणं तुमच्या हातात उरलेलं नसतं. बालमासिकं आणि स्पर्धाही बहुधा 'अप्रकाशित' ही अट घालतात, आणि इथे टाकलेली गोष्ट प्रकाशितच धरली जाते. बालभारतीचं 'किशोर' 1971 पासून निघतं आणि त्याचे जुने अंक फुकट वाचायला उपलब्ध आहेत. ते चाळून आपल्या गोष्टीची लांबी आणि बाज तिथे बसतो का ते पाहणं, हे तिथे पाठवण्याआधीचं पहिलं काम.

भाषांतर हा इथला सर्वांत दुर्लक्षित दरवाजा आहे. चांगल्या संपादनातून गेलेलं इंग्रजी किंवा हिंदी पुस्तक निवडून मराठीत आणलं, तर भाषांतरकार म्हणून तुमचं नाव लागतं आणि चित्रपुस्तकाची वीण आतून कळते. मात्र घाईनं केलेल्या ताठर मराठीची इथे कमतरता नाही. 'तिनं एक मोठं स्मित दिलं' हे वाक्य कुठल्याही मराठी घरात बोललं जात नाही. 'ती खुदकन हसली' म्हणा. पातळी पहिली असेल तर मूळ वाक्याची रचना सोडून ते गोष्टीत जे काम करतं तेवढं उचला.

उणीव ठळक आहे: संपादक नाही. कुणी 'चौथं पान काढा' असं सांगत नाही, शुद्धलेखन तपासत नाही, गोष्ट मुलांना कळते का हे विचारत नाही. वाचनांचा आकडा दिसला तरी त्यातून मुलं कुठे कंटाळली ते कळत नाही. त्यासाठी डमी घेऊन सहा-सात मुलांच्या गटासमोर बसा, वाचताना त्यांचे डोळे चित्रावरून कधी हटतात त्या पानावर खूण करा. आपल्या घरच्या मुलांची दाद मोजू नका, ती नेहमीच उदार असते.

आयएसबीएनही इथे आपोआप मिळत नाही. छापील पुस्तकासाठी तो हवा असेल तर राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडे ऑनलाइन अर्ज करायचा. त्याला शुल्क नाही. स्वखर्चानं पुस्तक छापून देणारे काही जण त्याचे वेगळे पैसे लावतात. तो फक्त फॉर्म भरण्याचा मोबदला असतो. तेरा आकड्यांचा तो क्रमांक पुस्तकाची ओळख सांगतो. कॉपीराइटशी त्याचा संबंध नाही.

लेखक आणि चित्रकार दोघे मिळून काम करत असतील तर आधी एक पानाचा करार करा. परवाना एकानं एकट्यानं देऊन चालत नाही; मजकूर लेखकाचा, चित्रं चित्रकाराची, आणि संमती दोघांची लागते. पैसे देऊन चित्रं करून घेतली असतील तर आणखी जपून. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार मोबदला देऊन करून घेतलेल्या पेंटिंगचा, वेगळा करार नसेल तर, करून घेणारा पहिला मालक ठरू शकतो. पुस्तकातलं चित्र त्यात मोडतं का यावर नंतर भांडण्यापेक्षा चित्रांची मालकी कुणाची ते आधीच लिहून ठेवा. प्रकाशकाशी करार करतानाही कलम 19 लक्षात असू द्या: हक्क लेखी द्यावे लागतात, मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. करारात भाषा, आवृत्त्या, ई-पुस्तक आणि ध्वनिपुस्तक यांचा वेगवेगळा उल्लेख मागा. मूळ चित्रं परत कधी मिळणार त्याची तारीख घाला. आणि पुस्तक स्टोरीवीव्हरसारख्या खुल्या परवान्यावर जाणार असेल, तर परवान्याचं पूर्ण नाव करारात लिहून त्याखाली दोघांच्या सह्या घ्या.