आर७ची १९ महिने: पंख का वाकतात, आणि मार्क २ साठी थांबायचं का

नदी सुरयाची झेप इलेक्ट्रॉनिक शटरवर, सेकंदाला ३० फ्रेमच्या वेगाने टिपली की मालिकेतल्या बऱ्याच फोटोंत पंखांची टोकं केळीच्या पानासारखी वळलेली दिसतात. डोळा लख्ख फोकसमध्ये, चोचीवरचा थेंबही स्पष्ट, आणि पंख मात्र भलत्याच जागी मुडपलेला. कॅननची आर७ घेणारे बहुतेक जण याच फोटोपाशी अडतात आणि विचारतात, फोकस चुकला की शटर स्पीड कमी पडला? दोन्ही नाही. त्याचं कारण समजलं तर या कॅमेऱ्याचं सोनं होतं, नाहीतर पुढच्या आवृत्तीची, मार्क २ ची, वाट बघत हातातला कॅमेरा फुकट जातो.

३२.५ मेगापिक्सेल, १.६ क्रॉप (फुलफ्रेमपेक्षा लहान सेन्सर), १५ आणि ३० फ्रेम, दोन एसडी स्लॉट हे सगळ्यांना पाठ आहे, ते पुन्हा सांगत नाही. खाली लिहिलंय ते १९ महिन्यांच्या वापरावरून, मुख्यतः पक्ष्यांच्या फोटोंवरून.

इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये पडदा हलत नाही. सेन्सर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओळीमागून ओळ वाचला जातो. आर७च्या सेन्सरवर अशा ४६४० ओळी आहेत, आणि पहिलीपासून शेवटचीपर्यंत पोचायला साधारण १/३० सेकंद लागतं. तुम्ही १/४००० लावलं तरी ते प्रत्येक ओळीपुरतं खरं. ओळ गोठते, पण पहिली आणि शेवटची ओळ यांच्यात ३० मिलिसेकंदांहून जास्त अंतर पडतं. तेवढ्यात सुरयाचा पंख वरून खाली आलेला असतो. म्हणून शटर स्पीड वाढवत नेऊन काहीही सुधारत नाही, उगाच आयएसओ चढतो.

यांत्रिक पडद्याचं गणित वेगळं. या कॅमेऱ्याचा फ्लॅश सिंक (पूर्ण सेन्सर एकाच वेळी उघडा राहतो असा सर्वात वेगवान स्पीड) १/२५० आहे, म्हणजे पडदा पूर्ण सेन्सर ४ मिलिसेकंदांच्या आत ओलांडतो. दोन्हींत आठपटींचा फरक आहे.

हे माझ्या शब्दावर मानू नका, घरी मोजून बघा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी बल्ब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. जुनी चोकवाली ट्यूबलाइट असेल तर आणखी छान. खोलीत फक्त तो एकच दिवा ठेवा, समोर पांढरी भिंत. कॅमेरा आडवा धरा, मोड एम, शटर इलेक्ट्रॉनिक, स्पीड १/२००० किंवा वर, आयएसओ लागेल तेवढा. फोटोत भिंतीवर आडवे काळे-पांढरे पट्टे दिसतील. एक काळा आणि एक पांढरा मिळून एक पट्टा धरा, त्याचे १० मिलिसेकंद. आर७वर असे तीनाहून थोडे जास्त पट्टे भरतात. आता तोच फोटो यांत्रिक शटरवर काढा, एक पट्टाही पुरा होत नाही. चांगल्या ड्रायव्हरचा (आतल्या सर्किटचा) बल्ब लुकलुकत नाही, त्यामुळे पट्टे अजिबात दिसले नाहीत तर बल्ब बदला, कॅमेऱ्याबद्दल निष्कर्ष काढू नका.

दुसरी तपासणी छताच्या पंख्याची. मिनिटाला ३०० फेरे म्हणजे सेकंदाला पाच. १/३० सेकंदात पातं ६० अंश फिरतं. पंख्याने फ्रेम वरपासून खालपर्यंत भरली, तर इलेक्ट्रॉनिक शटरवर तीनही पाती विळ्यासारखी वाकलेली येतात, एक जाड, एक बारीक. शटर मोड बदलून लगेच दुसरा फोटो काढा, पाती सरळ. सुरयाच्या पंखाचं जे होतं ते इथे घरबसल्या दिसतं.

एका दुकानात मला सांगितलं गेलं की पुढच्या फर्मवेअरमध्ये हे सुधारेल. ते शक्य नाही. ओळी वाचण्याचा वेग सेन्सरच्या बांधणीतून ठरतो. फर्मवेअरने फोकसचं वागणं बदलतं, मेनू बदलतात, हा वेग तिथे हात घालून वाढत नाही.

या एका आकड्यावर मी इतका अडून बसतो, कारण कंपन्यांची स्पर्धा ज्या आकड्यांवर दिसते त्यांत तो सहसा नसतो. मे २०२२ मध्ये एका आठवड्याच्या अंतराने दोन क्रॉप सेन्सर कॅमेरे जाहीर झाले. २४ तारखेला आर७, अमेरिकेत किंमत १४९९ डॉलर. ३१ तारखेला फुजीफिल्मची एक्स-एच२एस, २४९९ डॉलर. जाहिरातीत एकीकडे ३० फ्रेम, दुसरीकडे ४०. नुसतं तेवढं वाचलं तर हजार डॉलर कशाचे हे कळत नाही. त्यातला मोठा वाटा फुजीच्या स्टॅक्ड सेन्सरचा आहे. त्यात पिक्सेलच्या थराखालीच वाचनाचं सर्किट बसवलेलं असतं, म्हणून ओळी कितीतरी झपाट्याने वाचल्या जातात. फ्रेमचा वेग सांगतो की सेकंदात किती फोटो निघतील. त्यातले किती सरळ निघतील, हे वाचनाच्या वेळेवरून कळतं.

इथपर्यंत वाचून वाटेल की इलेक्ट्रॉनिक शटर कायमचं बंद करून टाकावं. पहिले चार-पाच महिने माझंही तेच मत होतं, आणि ते अर्धवट होतं. पक्षी फ्रेमची किती उंची व्यापतो यावर सगळं अवलंबून आहे. फ्रेमच्या एक तृतीयांश उंचीत पक्षी असेल तर त्याच्यापुरतं वाचन ११ मिलिसेकंदांत उरकतं. बसलेला शिक्रा, चिखलात चालणारे शेकाटे, तरंगणारी घार, भिगवणला रांगेने उडणारे रोहित, यांत वाकडेपणा शोधूनही सापडत नाही. आणि आवाज शून्य, लपणात बसल्यावर हा फायदा फार मोठा. याउलट सुरय, खंड्या, भिंगरी, फुलासमोर थबकलेला शिंजीर, वेडा राघू, हे यांत्रिक पडद्यावरच घ्यावेत. उडत्या पक्ष्यामागे कॅमेरा आडवा फिरवतानाही सांभाळा. पक्षी ठीक येतो, पण मागचे बोरू आणि विजेचे खांब तिरके होतात.

यांत्रिकमध्येही दोन प्रकार आहेत. पूर्ण यांत्रिकमध्ये पुढचा पडदा आपटतो, त्याचा हादरा मधल्या स्पीडना, साधारण १/१०० ते १/३०० च्या पट्ट्यात, बारीक पिसांमध्ये मऊपणा आणतो. ३.२ मायक्रॉनच्या पिक्सेलवर एवढाही हादरा लपत नाही. इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टनमध्ये सुरुवात इलेक्ट्रॉनिक आणि शेवट पडद्याने होते, हादरा जवळजवळ जातो आणि पंखही सरळ राहतात. एफ/१.८ च्या लेन्सला खूप वेगवान स्पीड लावलं तर मागचे धूसर गोळे कापल्यासारखे दिसतात. एफ/५.६ आणि पुढच्या टेलीला त्याचा त्रास नाही. उडत्या पक्ष्यांसाठी हाच मोड कायम ठेवा.

माझी मांडणी अशी आहे. सी१, सी२, सी३ हे डायलवरचे आपली सेटिंग साठवायचे मोड. सी१ वर इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन, १/२५००, १५ फ्रेम. सी२ वर पूर्ण इलेक्ट्रॉनिक, १/५००, बसलेल्या पक्ष्यांसाठी. सी३ वर रॉ बर्स्ट, त्याबद्दल खाली. ओळखायचा विषय प्राणी, विषय बदलण्याची तत्परता ०, नाहीतर वेडा राघू फांदीमागे जाताच फोकस पुढच्या पानावर उडी मारतो. सी मोडचं ऑटो अपडेट मेनूत जाऊन आधी बंद करा. ते चालू राहिलं तर शेतात घाईने केलेला बदल कायमचा नोंदला जातो, आणि सी१ मध्ये इलेक्ट्रॉनिक शटर येऊन बसतं. आवाज नसल्यामुळे ते लक्षात येत नाही, सकाळ संपल्यावर कळतं.

रॉ बर्स्टमुळे माझं मत सगळ्यात जास्त बदललं. प्री-शूटिंग चालू ठेवलं की बटण पूर्ण दाबण्याच्या आधीचा सुमारे अर्धा सेकंदही साठवला जातो. खंड्या काठीवरून कधी सुटेल हे कोणालाच सांगता येत नाही. माणसाचं बोट उशिरा पडतं, कॅमेऱ्याने तो क्षण आधीच धरलेला असतो. शटर इलेक्ट्रॉनिकच असतं, म्हणून पक्षी फ्रेममध्ये लहान ठेवायचा आणि नंतर कापायचा. ३२.५ मेगापिक्सेल इथे कामी येतात. सगळे फोटो एकाच फाइलमध्ये बांधलेले येतात, ते कॅमेऱ्यात किंवा कॅननच्या डीपीपी सॉफ्टवेअरमध्ये सोडवावे लागतात. अर्धं बटण दाबून ठेवल्याने बॅटरी झपाट्याने उतरते, दोन सुट्या बॅटऱ्या सोबत हव्यात.

बफर, म्हणजे कार्डावर लिहिण्याआधी फोटो थांबतात ती जागा, छोटा आहे. यूएचएस-२ कार्डावर १५ फ्रेमने ५१ रॉ, म्हणजे ३.४ सेकंद. ३० फ्रेमने ४२ रॉ, म्हणजे १.४ सेकंद. सी-रॉ (दाबून लहान केलेली रॉ फाइल) लावा. फाइल साधारण निम्मी होते, सावलीतली पिसं फार उचलायची नसतील तर फरक दिसत नाही. यूएचएस-१ कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये ठेवून दोन्हीकडे एकदम लिहू नका, संथ कार्ड दोघांना थांबवतं.

आणखी एक हिशोब. शटर २ लाख फ्रेमसाठी प्रमाणित आहे. १५ च्या वेगाने सलग दाबलं तर ते आयुष्य ३ तास ४२ मिनिटांत संपतं. झेपेच्या क्षणीच पूर्ण वेग वापरा, एरवी एक पायरी खाली.

आता थांबण्याबद्दल. या वर्गातली कॅननची ७डी २००९ मध्ये आली, ७डी मार्क २ सप्टेंबर २०१४ मध्ये, आणि आर७ २०२२ च्या मे महिन्यात. पाच वर्षं, मग पावणेआठ. निकॉनची डी५०० जानेवारी २०१६ मध्ये जाहीर झाली. तिच्या तोडीचा मिररलेस क्रॉप कॅमेरा येईल म्हणून अनेकांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली, आणि शेवटी झेड८ घेऊन तिच्या डीएक्स क्रॉपमधल्या १९ मेगापिक्सेलवर समाधान मानलं. या वर्गात कंपन्यांना घाई नसते, त्यांचा जोर फुलफ्रेमवर. ज्यांनी वाट पाहण्यात तीन हिवाळे घालवले, त्यांचे तीन वर्षांचे रोहित आणि चक्रवाक गेले, ते परत मिळत नाहीत.

तरीही वारं बदललंय हे मान्य करतो. जून २०२४ मध्ये निकॉन झेड६ मार्क ३ अंशतः स्टॅक्ड सेन्सर घेऊन आली, जुलैत कॅननने आर५ मार्क २ ला पूर्ण स्टॅक्ड दिला, डिसेंबर २०२५ मध्ये सोनीच्या ए७ मार्क ५ मध्येही अंशतः स्टॅक्ड आला. म्हणजे चढाओढ आता वाचनाच्या वेगावर सुरू झाली आहे, आणि हे क्रॉपमध्ये उतरेल अशी आशा धरायला जागा आहे. जो रोज भिंगऱ्या आणि सुरयच टिपतो त्याने थांबणं योग्य. बाकीच्यांनी तोच पैसा लेन्समध्ये घालावा. आरएफ १००-४०० ही ६३५ ग्रॅमची, हातात मजेत राहते, पण ४०० ला एफ/८. आरएफ १००-५०० तिथे एफ/६.३ देते, फायदा दोन तृतीयांश स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), किंमत मात्र कैक पटींनी जास्त. जुनी ईएफ १००-४०० एल मार्क २ अ‍ॅडॉप्टरवर पूर्ण एफ/५.६ देते, एक स्टॉप जास्त. पहाटेच्या उजाडतीला ३२०० आयएसओवर जो फोटो निघतो त्याला एफ/८ वर ६४०० लागतं. या दाट सेन्सरवर तो एक स्टॉप लगेच दिसतो. सेकंडहँड घेताना कोपऱ्यात बुरशी आहे का हे टॉर्चच्या उजेडात बघा, आणि झूम पूर्ण लांब करून आयएस (हादरा कमी करणारी यंत्रणा) चालू-बंद करत आवाज ऐका.

मार्क २ दुकानात आली की मेगापिक्सेल आणि फ्रेमचे आकडे ऐकत बसू नका. खिशात एक स्वस्त बल्ब आणि प्लगवाला होल्डर न्या, पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढा आणि पट्टे मोजा. तीन पट्टे असतील तर मी आर७ आणखी चार वर्षं वापरेन. एकाच्या आत आले तर त्याच दिवशी नावनोंदणी करेन.