नमुना प्रयोगशाळेत की तपासणी रुग्णापाशी?

तापाच्या रुग्णाला मलेरिया आहे का, हे दोन मार्गांनी कळतं. नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा, किंवा बोटाला टोचून थेंबभर रक्त पट्टीवर घ्यायचं आणि 15–20 मिनिटांत निकाल वाचायचा.

तपशिलात प्रयोगशाळा सरस. निष्णात तंत्रज्ञाला सूक्ष्मदर्शकाखाली परजीवींची जात कळते, संख्याही मोजता येते. पट्टी संख्या सांगत नाही. शिवाय बऱ्याच पट्ट्या एचआरपी2 हे प्रथिन शोधतात, आणि इरिट्रिया, इथिओपियात ते न बनवणारे परजीवी सापडले आहेत. तिथे ही पट्टी फसते, आणि ही चिंता खरी आहे.

तरीही माझा कौल पट्टीला. अहवाल येईपर्यंत रुग्ण दूरच्या वस्तीत परतला असेल, तर त्या अचूकतेचा त्याला काय उपयोग? जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्ये प्रत्येक संशयित मलेरिया रुग्णाची उपचाराआधी तपासणी करायला सांगितलं. सूक्ष्मदर्शक नसलेल्या ठिकाणी हे पट्टीमुळेच जमतं. मलेरिया नसलेल्यांना उगाच औषधही दिलं जात नाही.

क्षयरोगातही हाच पेच: कल्चरला, म्हणजे नमुन्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहायला, आठवडे लागतात. जीनएक्सपर्ट हे जंतूंची जनुकं तपासणारं यंत्र सुमारे दोन तासांत जंतू आणि रिफाम्पिसिन या क्षयरोगावरच्या औषधाला होणारा प्रतिरोध दोन्ही दाखवतं. त्याला वीज मात्र लागते, पट्टीला नाही.