स्प्रिंगवाली एक काठी नको, लिव्हरवाली जोडी घ्या

गड चढताना दम लागतो, गुडघे बोलायला लागतात ते उतरताना. तोरण्यावरून वेल्ह्याला किंवा कळसूबाईवरून बारीला उतरताना मांडीचा पुढचा स्नायू प्रत्येक पावलाला ताणला जात असतो आणि त्याच वेळी अख्ख्या शरीराला ब्रेकही लावत असतो. हा सगळा दाब गुडघ्याच्या वाटीमागे येतो. स्नायू दमला की पावलं धपाधप पडू लागतात आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. ट्रेकिंग पोलचे, म्हणजे चालताना हातात धरायच्या, लांबी कमी-जास्त करता येणाऱ्या काठ्यांचे पैसे वसूल होतात ते इथे. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गच्या संशोधकांनी १९९९ साली २५ अंशांच्या उतारावर मोजणी केली, तेव्हा काठ्या वापरल्याने गुडघ्यावरचा भार १२ ते २५ टक्क्यांनी कमी भरला. नी-कॅपने गुडघ्याला ऊब आणि थोडा धीर मिळतो, पण वजन ती उचलत नाही.

बाजारात सगळ्यात जास्त खपते ती पिळून घट्ट करायची, आत स्प्रिंग असलेली स्वस्त काठी. तिच्यावर 'अँटी-शॉक' असं ठळक छापलेलं असतं, आणि नेमकी तीच गोष्ट बिनकामाची. स्प्रिंगने मनगटाला बसणारा हिसका थोडा कमी होतो, गुडघ्याला काही फरक पडत नाही. उलट वजन टाकलं की काठी किंचित दबते आणि ऐन उतारावर तोल डळमळतो. पिळायचं लॉक त्याहून वाईट. नळीच्या आत प्लास्टिकचा एक तुकडा फुगून घट्ट बसतो, तेवढ्यावर सगळा डोलारा. आत माती किंवा पाणी गेलं की तो घसरतो आणि भर घसाऱ्यात, म्हणजे सुट्या मातीच्या निसरड्या उतारावर, काठी हातभर आखूड होते.

म्हणून बाहेरून लिव्हर, म्हणजे अंगठ्याने दाबून बंद करायची खटकी असलेली, तीन भागांची, अ‍ॅल्युमिनियमची काठी घ्यावी. कार्बनची हलकी असते, पण सह्याद्रीत दगडांच्या फटीत टोक अडकतं आणि आपण पुढे निघून गेलेलो असतो. अशा वेळी अ‍ॅल्युमिनियम वाकतं, कार्बन कडकन मोडतं. टोक टंगस्टन कार्बाइडचं असावं. त्याच्यावरची छोटी चकती काढून टाकू नका. टोक फटीत खोल जाऊ नये म्हणूनच ती असते. बर्फासाठीची मोठी चकती मात्र कारवीच्या झुडपांत अडकते, ती घरीच ठेवा.

दुकानात तपासायचं एवढंच: काठी ११५ सेंटीमीटरला लावा, लिव्हर बंद करा आणि मुठीवर तळहात ठेवून अंगाचा भार टाका. कणभरही सरकता कामा नये. सरकली तर लिव्हरजवळचा स्क्रू पाव फेरा आवळून पुन्हा बघा. अंगठ्याने लिव्हर बंदच होईना इतका आवळलात, तर प्लास्टिक तडकतं. सहा फुटांच्या वर उंची असेल तर कमाल लांबी किती ते आधी वाचा. १२० ला संपणारी काठी उतारावर कमी पडते.

लांबीत बहुतेकांचं चुकतं. सपाटीवर टोक जमिनीला टेकवून मूठ धरली की कोपर काटकोनात आलं पाहिजे. साडेपाच फुटांच्या माणसाला साधारण ११५ सेंटीमीटर लागतात. चढाला ५ ते १० सेंटीमीटर कमी, उताराला तेवढीच जास्त. उतरायला लागण्याआधी थांबून लांबी वाढवायचा कंटाळा केला की माणूस काठीसाठी पुढे वाकतो आणि भार पुन्हा गुडघ्यावरच येतो. नळीवरच्या 'स्टॉप' खुणेपलीकडे मात्र ओढू नका.

मनगटाच्या पट्ट्यात हात खालून वर घालायचा, मग पट्ट्यासकट मूठ धरायची. वजन पट्ट्यावर येतं, बोटं सैल राहतात. उतरताना आधी काठी टेकते, मग पाऊल. पायरी उंच असेल तर दोन्ही काठ्या खालच्या टप्प्यावर टेकवा, हातांवर भार घ्या आणि गुडघा किंचित वाकलेला ठेवून पाय खाली आणा. एका काठीने हे जमत नाही, भार एकाच बाजूला जातो. जोडीचा आग्रह त्यासाठी.

घसाऱ्यावर पट्ट्यातून हात काढून घ्यावा, नाहीतर पडताना अंगठा पिरगळतो. हरिहरच्या पायऱ्या, कळसूबाईच्या शिड्या, अशा ठिकाणी काठ्या मिटवून सॅकला बांधायच्या, टोकं खाली करून. हात मोकळेच हवेत. कोरड्या कातळावर आणि डांबरी रस्त्यावर टोकाला रबरी टोपण लावा, चिखलात काढा. शेवाळलेल्या ओल्या कातळावर धातू आणि रबर दोन्ही घसरतात. तिथे काठीवर विसंबू नका.

गुडघा आधीच सुजत असेल, मध्येच अडकत असेल किंवा चालताना दगा देत असेल, तर काठी नको, हाडांच्या डॉक्टरांकडे जा. धडधाकट गुडघ्यालाही मांडीत ताकद लागते. घरच्या पायरीवर एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाची टाच तीन सेकंदांत सावकाश खाली टेकवायची, दहादा, मग पाय बदलून.

पावसाळी ट्रेकनंतर तिन्ही भाग सुटे करा, फडक्याने पुसा आणि रात्रभर तसेच वाळू द्या. मिटवून ठेवलं तर आत पांढरी बुरशीसारखी पूड धरते आणि नळ्या एकमेकींत रुतून बसतात. तेल किंवा ग्रीस चुकूनही लावू नका, लॉक धरायचं थांबतं. वाकलेला खालचा भाग ठोकून सरळ करण्यात अर्थ नाही, तो बदलूनच घ्यावा. सुटा भाग मिळतो का, हे खरेदीच्या वेळीच दुकानदाराला विचारून घ्या. सुटा भाग न मिळणारी काठी स्वस्त असली तरी महागच पडते.