तज्ज्ञ पाहावा की दावा?

कृत्रिम पावसाबाबत दोन तज्ज्ञ परस्परविरोधी बोलू लागले की सामान्य माणसापुढे दोनच वाटा उरतात: बोलणाऱ्याचा अधिकार पाहून विश्वास ठेवायचा, किंवा त्याचा दावा कशाच्या आधारावर उभा आहे ते तपासायचे. 2015 आणि 2019 मध्ये मराठवाड्यात पावसाने ओढ दिली आणि औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, पाऊस पडावा म्हणून ढगांत रसायने फवारणारी विमाने उडाली, तेव्हा मी दोन्ही वाटा धरून पाहिल्या आहेत.

पहिली वाट झटपट आहे आणि ती टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. ढगांचा अभ्यास केलेला आणि न केलेला समोरासमोर असतील, तर अधिक खोलात जाण्याची सहसा गरज नसते. पदवी कोणत्या विषयातली, एवढे मात्र विचारून घ्यावे.

मला खटकले ते वेगळेच. एका बैठकीत फवारणीच्या बाजूचे तज्ज्ञ महसूल मंडळनिहाय पावसाचे आकडे वाचून दाखवत होते; या मंडळात इतके मिलिमीटर, त्या मंडळात तितके. ‘फवारणी झाली नसती तर तिथे किती पडला असता?’ असे विचारल्यावर त्यांनी आपल्या अनुभवाची वर्षे सांगितली. विरोधातले तज्ज्ञही ‘हे सगळे थोतांड आहे’ यापलीकडे गेले नाहीत. अधिकार दोघांकडेही होता, उत्तर एकाकडेही नव्हते.

दुसरी वाट नेमका हाच प्रश्न आधी विचारते, म्हणून माझा कल थोडा तिकडे आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने 2018 आणि 2019 मध्ये सोलापूर परिसरात केलेल्या प्रयोगात कोणत्या ढगांत बीजन (म्हणजे हीच फवारणी) करायचे हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले होते. बीजन न केलेल्या ढगांशी तुलना करून, सुमारे 100 चौरस किलोमीटरच्या टापूत सरासरी 18 टक्के वाढ झाल्याचे संस्थेने मांडले. ‘थोतांड’ म्हणणे यापुढे टिकत नाही, पण दुष्काळ हटेल हे म्हणणेही टिकत नाही, कारण बीजनाजोगे ढग मुळात आकाशात असावे लागतात.

या वाटेला वेळ लागतो आणि इंग्रजी अहवाल चाळावे लागतात, हे खरे. मात्र सगळा अहवाल कळलाच पाहिजे असे नाही. तुलनेसाठी काय ठेवले होते, एवढे सापडले तरी माझे काम भागते.