बारीक मनगट: गोल घड्याळ की चौकोनी?

माझ्या मनगटाचा घेर साडेचौदा सेंटिमीटर. कुठलाही पट्टा आवळला की शेवटच्या भोकात जातो आणि उरलेलं शेपूट बाहीत अडकतं. अशा हातासाठी स्मार्टवॉच शोधताना शेवटी दोन पर्याय उरले: ४१-४२ मिमीचं गोल किंवा ४० मिमीचं चौकोनी. दोन्ही वापरून झाली आहेत.

आधी आकड्यांबद्दल, कारण तिथे मीही फसलो. गोल घड्याळाचा आकडा साधारण व्यासाचा, चौकोनीचा उंचीचा. ॲपल वॉच एसईचं ४० मिमीचं मॉडेल रुंदीला ३४ मिमीच भरतं. सॅमसंगच्या गोल गॅलेक्सी वॉच ७ चं ४० मिमीचं मात्र रुंदीलाही ४०. खोक्यावर दोन्हीकडे ४०च!

मी आधी गोल घेतलं. दिसायला देखणं, बॅटरीची चिंता नाही. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दोष तिच्यापेक्षा माझ्या हाताचा जास्त असावा. झालं असं की जमिनीवरून उठताना तळवा टेकला, मनगट मागे वळलं, की उजवीकडचं बटण पंजाच्या पाठीत रुतायचं. नुसतं रुतलं असतं तर चाललं असतं. ते दाबलंही जायचं, आणि व्यायामाची नोंद थांबवायचं बटण तेच. वीस पुशअप काढून बघावं तर तिसऱ्यालाच घड्याळ थांबलेलं. आठवड्याभरात तिथे लाल वण उठला.

घड्याळ हाडाच्या वर, कोपराकडे सरकवून पाहिलं. बटण सुटलं, पण तिथे पट्ट्याचे कान मनगटाच्या कडेबाहेर आले आणि खाली फट राहिली. रात्री त्या फटीतून नाडी मोजणारा हिरवा उजेड भिंतीवर दिसायचा. नाडीचे आकडेही मग मनाला येतील ते. आवळून घातलं तर सकाळी कातडीवर गोल वळ उमटलेला.

चौकोनीत, म्हणजे ॲपल वॉच एसईत, हे दुखणं जवळजवळ गेलं. अरुंद असल्यामुळे पंजाकडे जागा राहते, आणि सेटिंगमध्ये बटणाची बाजू बदलून घड्याळ उलटं घालता येतं. पडदा आपोआप सरळ होतो. माझ्या गोल घड्याळात ती सोय नव्हती. गॅलेक्सीत आहे, त्यामुळे ज्यांच्या फोनला ॲपल वॉच जोडता येत नाही त्या अँड्रॉइडवाल्यांनी अगदीच निराश होऊ नये.

अर्थात रोज चार्जिंग आलं. कंपनीच सांगते १८ तास. मी अंघोळीला जाताना लावतो, आता सवय झाली. ज्यांना हे नकोच त्यांच्यासाठी गार्मिनचं व्हेनू ३एस आहे, ४१ मिमी, कंपनीच्या म्हणण्यानुसार दहा दिवसांपर्यंत चालणारं. ते मी स्वतः वापरलेलं नाही. लांब पळणाऱ्याला कदाचित तेच सोयीचं पडेल. माझं पळणं अर्ध्या तासात आटोपतं.

काहीही घ्या, पण आधी ते हातावर चढवून तळवा टेबलावर टेका आणि अंगाचा भार द्या. नुसतं आरशात बघून काही कळत नाही.

माझं गोल घड्याळ आता भावाकडे आहे. त्याचं मनगट साडेसतराचं. बटण टोचतं का विचारलं, तर म्हणाला, ‘कुठलं बटण?’