पुढचं गणित कुठलं घ्यायचं, कॅल्क्युलस की स्टॅटिस्टिक्स?

शाळेच्या शेवटच्या वर्षांत गणिताचा एकच क्लास घेता येत असेल तर गाडी बहुतेक याच दोघांपाशी येऊन अडते. मी आधी कॅल्क्युलस घेतलं, स्टॅट्स नंतर केलं.

स्टॅट्स सोपं असतं असं सगळे म्हणतात, मला तरी ते पटत नाही. आकडेमोड कमी हे खरंय, पण उत्तर वाक्यात लिहायचं असतं आणि शब्द जरा इकडचा तिकडे झाला की मार्क गेले. ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (सॅम्पलवरून काढलेला, खरी सरासरी पकडू पाहणारा आकड्यांचा पट्टा) काढला आणि 'खरी सरासरी याच्यात असायची शक्यता ९५ टक्के' असं लिहिलं तर चूक, कारण ते ९५ टक्के पद्धतीचे असतात (पुन्हा पुन्हा सॅम्पल घेतलं तर शंभरातले साधारण ९५ इंटरव्हल खरी सरासरी पकडतात), त्या एका इंटरव्हलचे नाही. पण विषय कामाचा आहे हे मान्यच. १९३६ ला अमेरिकेत अध्यक्षाच्या निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने वीस लाखांवर लोकांची मतं गोळा केली, तरी रूझवेल्ट हरतील हा त्यांचा अंदाज सपशेल आपटला आणि रूझवेल्ट दणक्यात निवडून आले, असं का होतं हे सॅम्पलिंग (सगळ्यांऐवजी मोजके लोक निवडून विचारणं) शिकल्यावर नीट कळतं.

कॅल्क्युलसमध्ये छळतो तो अल्जेब्रा. डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) एका ओळीत निघतो आणि पुढे अर्धं पान सोडवासोडव, चुका सगळ्या तिथेच. फॅक्टरिंग आणि ट्रिग (त्रिकोणमिती) कच्चं असेल तर जड जाईल.

माझं ठरलं ते मात्र एका टेबलवरून. एका सीनियरचं स्टॅट्सचं पुस्तक चाळत होतो, मागे नॉर्मल कर्व्हचं (घंटेच्या आकाराच्या आलेखाचं) टेबल, झेड (सरासरीपासून किती लांब ते सांगणारा आकडा) १ असेल तर ०.८४१३. हा आकडा आला कुठून, तर कर्व्हखालच्या क्षेत्रफळातून, आणि ते क्षेत्रफळ कसं काढलं, तर टेबल बघा! हे असं मानून पुढे चला म्हटलं की माझं डोकंच चालत नाही. कॅल्क्युलसमध्ये तेच तर शिकवतात, बारीक पट्ट्या पाडायच्या, बेरीज करायची, पट्ट्या अजून बारीक करत जायच्या. त्या कर्व्हचं इंटिग्रेशन (असं क्षेत्रफळ काढणं) नेहमीच्या फॉर्म्युल्यांत बसतच नाही म्हणून टेबल छापावं लागतं, हे तिथेच समजलं आणि मग ते टेबल खुपायचं थांबलं.

सायकॉलॉजी, बायोलॉजीकडे जायचं पक्कं असेल तर स्टॅट्स आधी घेतलं तरी काही बिघडत नाही. पण काहीच ठरलं नसेल आणि अल्जेब्रा बऱ्यापैकी हातात असेल तर मी कॅल्क्युलसच म्हणेन, कारण ते समोर कोणी शिकवणारं असताना झालेलं बरं, स्टॅट्स नंतर स्वतःचं स्वतः वाचूनही जमतं, निदान मला तरी जमलं.