निम्मी सरकी काढून सोयाबीन डीओसी: दुभत्या गाईंवरचा अनुभव

लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात आमचा संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाईंचा गोठा आहे. दिवाळीपासून आंबोणातली, म्हणजे गाईंच्या खुराकातली, निम्मी सरकी पेंड काढून सोयाबीनची डीओसी, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, चालू केली. आता उन्हाळा सरत आला, म्हणून लिहितोय.

डीओसीत प्रथिनं ४५ टक्क्यांच्या आसपास, सरकीत साधारण २२. त्यामुळे पोत्याच्या भावावर जाऊ नका, प्रथिनं कितीला पडतात ते बघा. १०० किलो आंबोणाला आमचं माप, किलोत: मक्याचा भरडा ४०, गव्हाचा भुसा (कोंडा) २२, डीओसी २०, सरकी १५, खनिज मिश्रण २, मीठ १.

दूध वाढलं. ताज्या व्यालेल्या गाई लवकर दुधाला चढल्या, एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग) पण सावरला. फॅट मात्र किंचित उतरली. डीओसीत तेल जेमतेम १ टक्का, सरकीत ६-७; माझ्या मते कारण तेच. म्हशीवाल्यांचं सगळं गणित फॅटवर, त्यांनी सरकी पूर्ण तोडू नये.

सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये असताना दिवाळीत लातूरच्या आडतीत भाव त्याच्या खालीच होता. ‘मग घरचं सोयाबीन जनावरालाच घालू’ असं गावात बरेच जण म्हणाले. राग खरा आहे, पण कच्चा दाणा घालू नका. त्यातला ट्रिप्सिन रोधक घटक वासरांना आणि कोंबड्यांना प्रथिनं पचू देत नाही. मोठी गाय ते निभावून नेते, पण दाण्यात तेल १८-२० टक्के. जास्त झालं की चारा पचत नाही, पातळ शेण सुरू. भाजून, भरडून, दिवसाला किलोच्या आत ठीक. आणि वैरणीला युरिया लावलेला असेल तर कच्चं सोयाबीन अजिबात नको. त्यातलं युरिएज नावाचं विकर (एन्झाइम) युरियाचा अमोनिया करतं. जनावर दगावू शकतं.

याच युरिएजवर भेसळही पकडता येते. प्रथिनं जास्त दिसावीत म्हणून पेंडीत युरिया मिसळणारे आहेतच. बाटलीत थोडी डीओसी, चमचाभर कच्च्या सोयाबीनचं पीठ आणि कोमट पाणी घालून झाकण लावा. अर्ध्या तासानं उघडल्यावर नाकात झोंबणारा वास आला तर माल परत. एका व्यापाऱ्याचं पोतं मी असंच परत पाठवलं. तो म्हणाला, ‘शेठ, सगळे घेतात की.’ घेत असतील.

पावसाळ्यात डीओसीचा साठा करणार नाही. ओल लागली की बुरशी धरते, म्हणून महिन्याला लागेल तेवढीच आणायची, तीही फळ्यांवर रचून.